फ्यूजला गुंडाळलेली चांदी

गाडीत जळक्या प्लास्टिकचा वास कोंडला होता. वायरिंगवाले सलीमभाई एकेक वायर तपासत डॅशबोर्डवरच्या गणपतीपाशी येऊन थांबले. मूर्तीमागच्या दिव्याची उघडी वायर पत्र्याला टेकून काळी पडली होती. मग त्यांनी फ्यूज काढला. त्याला सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली होती.

"फ्यूज सारखा उडत असणार, म्हणून ही चांदी. मग फ्यूज उडत नाही, वायरच जळते. शी! कोणी केलं हे?"

"आधीच्या मालकानं," मी म्हणालो.

किळस आली. घरात काय, ऑफिसात काय, धोका सांगणाऱ्याचंच तोंड आपण आधी बंद करतो आणि वर देवापुढे दिवा लावतो.

सलीमभाईंनी ती चांदी माझ्या तळहातावर ठेवली. आधीचा मालक कसला, गाडी मी नवी कोरी घेतली होती.