सीतादहीची थाळी

मारेगावला ब्लाऊज शिवायला म्हणून मी जायची आणि प्रार्थनेला बसायची. शिवणारी बाई ख्रिस्ती होती. रविवारी तिच्या मागच्या खोलीत चारदोन जणी जमत. खोटं उघडं पडू नये म्हणून दर खेपेला एखादा ब्लाऊज शिवून आणावाच लागे. सासूबाई माझी पेटी उघडून म्हणायच्या, "तुले आंग तरी किती हायेत वं?" मी हसायची आणि पेटी बंद करायची.

नवऱ्याला मी सांगून टाकलं होतं. तो भांडला नाही. "घरात काय म्हनाचं ते म्हन, पन गोष्ट बाहेर जाऊ देऊ नोको," एवढंच म्हणाला. आमचं गाव लहान, सगळी कापूस-तुरीवाली घरं. कोण कोणाकडे गेलं आणि कशाला गेलं, हे चहाला उकळी यायच्या आत चौकात पोचतं. त्यात हल्ली कोणी येशूचं नाव घेतलं की पहिला प्रश्न, 'तुले कोनं फसवलं?' मला कोणीही फसवलं नव्हतं. उलट जन्मात पहिल्यांदा एक गोष्ट मी माझ्या मनानं धरली होती, आणि तीच मला तोंडातल्या तोंडात पुटपुटावी लागत होती. संताप यायचा. पण संतापापेक्षा भीती मोठी होती.

मग वेचणी आली. आमच्याकडे पहिला कापूस वेचायच्या आधी सीतादही करतात. काठाच्या पऱ्हाटीखाली, म्हणजे कपाशीच्या झाडाखाली, खडे मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा आणि थोडा ओळींमध्ये शिंपडायचा. हे घरच्या मालकिणीनं करायचं. तोवर वेचणाऱ्या बाया बोंडाला हात लावत नाहीत. आजवर सासूबाई करायच्या आणि मी मागे थाळी धरून उभी राहायची. थाळी धरायला काय जातं, अशी मी मनाची समजूत घालायची.

यंदा सासूबाईंचे गुडघे गेले होते. तरी त्या बैलगाडीत बसून वावरात आल्या. बाया कमरेला फडकी बांधून उभ्या होत्या. वावर पांढरंफेक फुटलेलं, आणि आभाळ भरून येत होतं. कापूस भिजला तर पिवळा पडतो, त्यामुळे सगळ्यांनाच घाई होती. सासूबाई धुऱ्यावर, बांधाच्या कडेला, टेकल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "आता मालकीन हे हाये. यापुढं सीतादही हेच करन."

मान दिला त्यांनी मला. चारचौघींत दिला. आणि थाळी माझ्याच हातात होती.

वाकावं, खडे मांडावेत, मनात येशूचं नाव घ्यावं, कोणाला कळणार आहे, असं एक मन म्हणत होतं. पण मग पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी, मरेपर्यंत हेच. मी थाळी खाली ठेवली.

"आई, हे माह्याच्यानं नाही होत. मी येशूले मानतो."

बायांमधली म्होरकी म्हणाली, "आता वं माय! मुहूर्तच मोडला. आमी हात कसा लावाव?" दोघीतिघींनी फडकी सोडायला घेतली. त्या गेल्या की बातमी गावात जाणार होती, आणि कापूस वावरात राहणार होता.

सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. चेहरा असा, की मी त्यांच्या थोबाडीत मारली असती तरी बरं. "तुले सांगाले आजच भेटलं? लोकायसमोर?" त्या उठायला लागल्या. मी हात दिला, तो त्यांनी झटकला. गुडघ्यांवर हात दाबत, कण्हत त्या पऱ्हाटीखाली बसल्या आणि एकट्यानं सगळं केलं. मी नुसती उभी होते. परत उचलावी का थाळी, असं तेव्हाही वाटलं.

नैवेद्य झाला. बायांनी फडकी परत बांधली. सासूबाई थाळीतला भात एकेकीच्या हातावर देत निघाल्या आणि माझ्यापाशी येऊन थांबल्या. सगळ्या बघत होत्या. मी हात पुढे करते की नाही, यावर माझं या घरातलं उरलेलं आयुष्य ठरणार, असंच मला वाटलं.

त्यांनी थाळी म्होरकीच्या हातात दिली. गाडीतला डबा आणायला लावला. त्यात तळाला भात उरला होता. तो माझ्या हातावर ठेवत त्या रागानंच म्हणाल्या, "हा देवाले दाखवला नाही. खाय."

सवयीनं मान खाली घातली, डोळे मिटले आणि ओठांतल्या ओठांत जेवणाआधीची प्रार्थना पुटपुटायला लागले.

"आता कायले तोंडातल्या तोंडात?" सासूबाई म्हणाल्या. "सांगतलंच हाये, त मोठ्यानं म्हन."