बालवाडीच्या दारातला गतिरोधक

महासभेच्या सभागृहातली मराठी बाहेर कुठे ऐकू येत नाही. तिथे विषय पुकारले जातात, तहकूब होतात, दाखल होतात. पालिकेच्या बातम्या करणाऱ्याच्या अंगात ही भाषा इतकी मुरते की तो घरीही तीच बोलू लागतो. बायकोने एकदा पडदे बदलायचं काढलं, तेव्हा मी 'तहकूब' म्हणालो होतो. यातला एक शब्द आमच्या शेजारच्या गल्लीतल्या बालवाडीच्या बाईंना मात्र वेगळाच ऐकू आला.

त्यांची बालवाडी जुन्या नाशकात, एका इमारतीच्या तळमजल्यावर आहे. दोन खोल्या, आणि दार थेट रस्त्यावर. माझी मुलगी तिथेच शिकली. मुख्य रस्त्यावरचा सिग्नल चुकवायला रिक्षा आणि दुचाक्या या गल्लीत शिरतात, आणि गल्लीला उतार असल्यामुळे वेगात येतात. एका सकाळी दुचाकीच्या धक्क्याने एका मुलाच्या हातातला डबा उडून पडला. मुलाला खरचटलंही नाही, पण पालक नावं काढून घेऊ लागले. बालवाडी चालवणाऱ्या संस्थेने बाईंना कळवलं की जूनपर्यंत मुलांचा पट सावरला नाही तर हा वर्ग बंद होईल आणि त्यांना नाशिक रोडच्या शाखेत जावं लागेल.

बाई त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतात. रोजच्या बसप्रवासाची त्यांची तक्रार नव्हती.

"मी जाईन हो," त्या मला म्हणाल्या होत्या, "पण ही पोरं माझ्यामागे तिथवर येणार आहेत का?"

दारात गतिरोधक बसवला तर वाहनं हळू होतील आणि पालकांची भीती जाईल, एवढाच त्यांचा हिशेब होता. प्रभागाच्या नगरसेविकेने तो विषय महासभेत आणला. बाई पहिल्यांदाच सभागृहाच्या गॅलरीत येऊन बसल्या.

ती सभा अंदाजपत्रक मंजूर झाल्यानंतरची होती. कोणाच्या प्रभागाला किती मिळालं यावरून सकाळपासूनच कुरबुर चालू होती. दुपार गेली गावठाणातल्या जुन्या इमारतींच्या पुनर्विकासात. भाडेकरूंना किती जागा, मालकांना किती, रस्ते किती रुंद, यावर प्रत्येकाला बोलायचं होतं. गतिरोधकाचा विषय पुकारला गेला तेव्हा अर्धे सदस्य चहाला गेले होते.

अभियंते उभे राहिले. पुनर्विकासात ही गल्ली रुंद होणार आहे, आत्ता केलेला खर्च वाया जाईल, असं त्यांनी सांगितलं. मुद्दा चुकीचा नव्हता.

"विषय दाखल," महापौर म्हणाले. नगरसेविका उभ्या राहीपर्यंत पुढचा विषय सुरू झाला होता.

गॅलरीत टाळ्या वाजल्या. एकाच माणसाच्या होत्या. सगळ्यांनी वर पाहिलं.

मी सभागृहाबाहेर आलो तेव्हा बाई जिन्यात फोनवर होत्या. दोन आयांना बातमी सांगून झाली होती, तिसरीला सांगणं चाललं होतं.

"भाऊ, झालं की काम! दाखल करून घेतलं."

"बाई, फोन ठेवा जरा," मी म्हणालो. "दाखल म्हणजे दप्तरी दाखल. फाइल बांधून ठेवली. विषय संपला."

"म्हणजे मंजूर नाही?"

"नाही."

त्या कठड्याला टेकल्या. त्यांच्या आयुष्यात दाखल या शब्दाला एकच अर्थ होता. आई मुलाला घेऊन येते, नाव घातलं जातं, मूल दाखल होतं.

"आमच्याकडे दाखल झालेल्या पोराला सतरंजीवर बसवतात हो," त्या म्हणाल्या. "कपाटात नाही ठेवत."

तेवढ्यात नगरसेविकाही बाहेर आल्या. "बाई, टाळ्या तुम्ही वाजवल्या होय? मला वाटलं, माझा विषय पडला म्हणून विरोधकांनी वाजवल्या!"

बाईंना हसू येईना. विषय फेरविचारासाठी परत आणता येतो, त्यासाठी इतर सदस्यांच्या सह्या लागतात, हे नगरसेविकेने त्यांना समजावून सांगितलं. "सह्या मी आणते, शब्द देते. पण ते सतरंजीचं पुन्हा एकदा सांगा बरं."

पुढच्या सभेत विषय परत आला. अभियंत्यांनी तेच उत्तर दिलं.

"साहेब, रस्ता रुंद कधी होणार?" नगरसेविकेने विचारलं.

"प्रक्रिया सुरू आहे."

"जुन्या इमारती पाडून नव्या उभ्या राहीपर्यंत ही पोरं मिसरूड फुटून पानटपरीवर उभी राहतील!"

"सगळं तुमच्याच प्रभागात का?" मागच्या बाकावरून एक सदस्य ओरडले. "आम्हालाही द्या की गतिरोधक!"

"तुमच्याकडे खड्डे आहेत की, दादा. गाड्या आपोआप थांबतात."

सगळं सभागृह हसलं, ते दादाही. त्या हशातच नगरसेविकेने बाईंचं सतरंजी आणि कपाटाचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं, आणि ते कोणाचं हेही सांगितलं. महापौरांनी वर गॅलरीकडे एकदा पाहिलं.

"रस्ता रुंद होईल तेव्हा पुढचं पुढे बघू. विषय मंजूर."

या वेळी बाईंनी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यांनी आधी खाली पत्रकारांच्या टेबलाकडे, माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मग वाजवल्या.

दुसऱ्या दिवशीच्या अंकात पुनर्विकासाची बातमी पहिल्या पानावर होती. गतिरोधकाला आतल्या पानावर, पाणीकपातीच्या खाली जागा मिळाली. बाईंनी ते कात्रण दारावर डकवलं.

गतिरोधक मे महिन्यात झाला. पांढरे पट्टे वाळतात न वाळतात तोच एका कलिंगडवाल्याने त्याला लागून गाडा लावला.

"ओ दादा, गाडा पुढे घ्या," बाई दारातून म्हणाल्या. "गतिरोधक पोरांसाठी आहे, तुमच्या गिऱ्हाइकांसाठी नाही."

"बाई, गाड्या हळू होतात त्या इथंच. मी काय करू?"

"थोडं पुढेही हळूच असतात. उचला."

त्याने कुरकुरत गाडा ढकलला. जाताना एक फोड कापून बाईंच्या हातात ठेवली.

जूनमध्ये बहुतेक नावं परत आली. एक कुटुंब तोवर दुसरीकडे राहायला गेलं होतं, त्यांचं नाव गेलंच. दोन नवी मुलं आली. संस्थेने वर्ग चालू ठेवला आणि नाशिक रोडच्या शाखेला दुसऱ्या बाई दिल्या. पुनर्विकासाची प्रक्रिया अजून सुरू आहे.

बालवाडी उघडली त्या पहिल्या दिवशी मी ऑफिसला निघालो होतो, म्हणून पाहायला मिळालं. आयांनी हात सोडले आणि मुलं दारात जायचं सोडून गतिरोधकावर चढली. तिथून उड्या मारायच्या, परत चढायचं. उतारावरून एक रिक्षा आली आणि थांबली. रिक्षावाल्याने हॉर्न दिला, मग दुसऱ्यांदा दिला. शेवटी इंजिन बंद करून तो बाहेर डोकावला.

"बाई, आता माझंही नाव घालून टाका इथंच!"

"आधी हॉर्न वाजवायचा नाही हे शिकून या," बाई म्हणाल्या, आणि एकेकाचा दंड धरून मुलांना आत नेऊ लागल्या.

शेवटचं मूल उंबऱ्याच्या आत गेल्यावर रिक्षावाल्याने रिक्षा सुरू केली आणि हळूच गतिरोधकावर चढवली.