माहिती प्रणालीचा सात-चाळीसचा तास

सकाळचे सात वाजून चाळीस मिनिटं झाली तेव्हा राजेश्री दुधाटे फळ्यावर तिसरा चौकोन काढत होत्या. पहिल्यात ‘आदान’, दुसऱ्यात ‘प्रक्रिया’, तिसऱ्यात ‘प्रदान’. तिसऱ्याकडून पुन्हा पहिल्याकडे येणारा, निघालेलं बरोबर आहे का ते परत तपासणारा बाण त्या नेहमी शेवटी काढतात. त्या बाणावर प्रश्न येतात आणि मग तास पुरत नाही.

परभणी शहराच्या कडेला असलेल्या एका खासगी महाविद्यालयातली ही खोली क्रमांक नऊ. बीबीएचं दुसरं वर्ष. ऐच्छिक पेपर, संस्थांमधील माहिती प्रणाली. बँक, कारखाना, दवाखाना किंवा एसटीचं आगार आपली माहिती कशी गोळा करतं, कुठं ठेवतं आणि तिच्यावरून निर्णय कसे घेतं, हे व्यवस्थापन शिकणाऱ्या मुलांना पहिल्यांदा सांगणारा विषय. राजेश्री तो अकरा वर्षांपासून शिकवतात. या काळात पेपरचं नाव तीनदा बदललं. चौकोन तेच राहिले.

“सिस्टीम म्हणजे काय? पुस्तकातलं नको. तुम्हाला काय वाटतं ते सांगा.”

“जी डाऊन असती ती, मॅडम,” मागच्या बाकावरून पप्पू म्हणाला. तो सेलूजवळच्या वालूरचा. रोज सेलूहून रेल्वेने येतो आणि बहुतेक वेळा उशिरा येतो. आज वेळेवर होता.

वर्ग हसला. राजेश्रींनी त्याचं वाक्य जसंच्या तसं फळ्यावर लिहिलं.

“बरं. डाऊन आहे हे तुला कोण सांगतं?”

“खिडकीतला माणूस.”

“आणि त्याला कोण सांगतं?”

“त्याला कुनीच न्हाई सांगत मॅडम. त्याला जेवायला जायचं असतंय.”

या हशाचा फायदा घेऊन त्या पुढे सरकल्या. यंत्र बंद पडणं वेगळं आणि माणसानं ते बंद आहे असं सांगणं वेगळं. माहिती प्रणालीत दोन्ही येतात, यंत्रही आणि माणूसही. हे वाक्य त्या दरवर्षी सांगतात आणि दरवर्षी दोन-तीन जण ते वहीत उतरवतात.

मग दुसऱ्या बाकावरची राणी उभी राहिली. ती ताडकळसची. आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. ते परत येईपर्यंत घर, धाकटा भाऊ आणि शेळ्या तिच्यावर असतात. वर्गात ती क्वचित बोलते.

“मॅडम, ह्या पेपरचं सर्टिफिकेट कधी भेटंल?”

“कसलं सर्टिफिकेट?”

“एमएस-सीआयटीचं. आता ते येगळं करायची गरज न्हाई म्हणं. हा पेपर घेतला की झालं. आपल्या ग्रुपवर आलंय.”

सरकारी भरतीच्या जाहिरातीत हमखास मागितलं जाणारं संगणकाचं प्रमाणपत्र ते हेच. परभणीतल्या कुठल्याही विद्यार्थ्याला ते समजावून सांगावं लागत नाही. बीबीएचा कुठलाही पेपर घेतल्यानं ते मिळत नाही, हे राजेश्रींना माहीत होतं. वर्गाला माहीत नव्हतं, हे त्यांना त्या क्षणी कळलं.

त्यांनी बाकांवरून नजर फिरवली. गेल्या वर्षी या पेपरला तेरा मुलं होती. यंदा सेहेचाळीस. एवढी मुलं कशी आली, याचं एक उत्तर त्यांनी स्वतःपुरतं ठरवलेलं होतं. पहिल्या आठवड्यात विषयाची ओळख करून देणारं त्यांचं व्याख्यान चांगलं झालं होतं. नवऱ्याला फोनवर तसं सांगितलंही होतं.

“साडेदहाला प्रात्यक्षिकाच्या तासाला सांगते,” त्या म्हणाल्या आणि शेवटचा बाण काढला. त्यावर त्या दिवशी कोणी काही विचारलं नाही.

राजेश्री तासिका तत्त्वावर आहेत. म्हणजे शिकवलेल्या तासाचेच पैसे, आणि नेमणूक फक्त त्या सत्रापुरती. एम.कॉम. झालं, प्राध्यापक होण्यासाठीची पात्रता परीक्षा पहिल्या फटक्यात सुटली, त्यानंतर कायम जागेची जाहिरात निघण्याची वाट पाहणं सुरू झालं. जाहिरात दोनदा निघाली आणि दोनदा स्थगित झाली. पेपर चालू राहिला तर त्यांचे तास राहतात. यंदापासून नियम आला की ऐच्छिक पेपरला वीस मुलं नसतील तर तो पेपर बंद. विषय बदलून घेण्याची मुदत त्याच दिवशी, गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता संपत होती. पाचनंतर विद्यापीठाच्या पोर्टलवर काहीही हलवता येत नाही.

प्राध्यापकांच्या खोलीत विभागप्रमुख नागनाथ कच्छवे चहा घेत होते. ते कायम आहेत, निवृत्तीला चार वर्षं उरली आहेत. राजेश्रींना पहिल्यांदा तास त्यांनीच दिले होते. राणीचा प्रश्न त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतला.

“तुमी म्हणला का असं कुठं, की सर्टिफिकेट भेटतंय?”

“नाही सर.”

“मग? लेकरायनी ग्रुपवर वाचलं, लेकरायनी पेपर घेतला. तुमचा काय संबंध?”

“विचारलंय सर तिनं. तोंडावर.”

“उद्या सांगा की. उद्या बी तुमचा तास हायच. आज पाच वाजेपर्यंत कशाला घाई करायलात?” कप बशीत ठेवून ते म्हणाले, “मॅडम, मी तुमच्या भल्याचं सांगायलोय. पेपर गेला की मला तुम्हाला दुसरीकडं घेता यायचं न्हाई. जागाच न्हाई कुठं.”

ते खरं होतं. राजेश्रींनी चहा अर्धा ठेवला.

संगणक कक्षात बावीस संगणक आहेत. त्यांतले सहा सुरू होतात. बाकीच्यांवर निळी प्लास्टिकची कव्हरं घातलेली असतात आणि मुलं त्यांचा उपयोग वही ठेवायला करतात. साडेदहाला सगळे आले, सहा पडद्यांभोवती सहा घोळके झाले. राजेश्रींनी यंत्रं सुरू करायला सांगितली नाहीत.

“एमएस-सीआयटीबद्दल सकाळी राणीनं विचारलं. या पेपरचं तसलं सर्टिफिकेट नाही. ते कोर्स वेगळा भरून, परीक्षा देऊनच मिळतं. पूर्वीही तसंच होतं, आताही तसंच आहे.”

तीन-चार जण एकदमच बोलू लागले. ग्रुपवर तर आलंय. मागच्या वर्षीच्या पोरांनी सांगितलंय. एकाच्या मामानं सांगितलंय, तो जिल्हा परिषदेत आहे.

“मॅडम, तुमीच म्हणला होता की,” पप्पू म्हणाला.

“मी काय म्हणाले होते?”

पप्पूनं मोबाईल काढला आणि बोटानं वर सरकवत बराच मागे गेला. पहिल्या आठवड्यातल्या त्या व्याख्यानात राजेश्री म्हणाल्या होत्या, एमएस-सीआयटी केलेल्यांना हा पेपर सोपा जाईल. त्या दुपारी कोणीतरी वर्गाच्या ग्रुपवर टाकलं, हा पेपर केला की एमएस-सीआयटी सोपी जाते. संध्याकाळी बीबीएच्या दोन्ही वर्गांच्या मिळून असलेल्या ग्रुपवर ते आलं तेव्हा त्यातलं ‘सोपी जाते’ गेलं होतं आणि ‘लागत नाही’ आलं होतं. शेवटी जोडलेलं होतं, मॅडमनी सांगितलं.

राजेश्रींनी दोन्ही निरोप वाचले. सात-चाळीसच्या तासाला काढलेले चौकोन आणि हे यांत फरक एवढाच होता की इथं परत येणारा बाण कोणी काढलाच नव्हता. तसं त्या वर्गाला म्हणाल्या नाहीत.

“हे मी म्हणाले नाही,” एवढंच म्हणाल्या. “ज्यांना विषय बदलायचाय त्यांनी पाचच्या आत बदला. ज्यांना राहायचंय त्यांनी राहा.”

मुलं मोबाईलवर वाकली. राणी वाकली नाही. ती टेबलापाशी आली.

“मॅडम, मंग ह्या पेपरचा उपेग काय?”

अभ्यासक्रमात याचं उत्तर पहिल्याच पानावर आहे आणि राजेश्रींनी तेच सांगितलं. संस्थेत निर्णय घेणाऱ्याला योग्य वेळी योग्य माहिती मिळते, ती कशी मिळते हे यातून कळतं.

“निर्णय घेणारे लोक येगळे असतेत मॅडम,” राणी म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. “मला तलाठ्याची भरती द्यायचीय. आधी ते सर्टिफिकेट बघावं लागंल. मी दुसरा पेपर घेते. राग मानू नका.”

“राग कशाचा,” राजेश्री म्हणाल्या.

विद्यापीठाचं पोर्टल प्रवेशाच्या दिवसांत रोज बंद पडतं. परीक्षेचे अर्ज भरताना दोन-दोन दिवस उघडत नाही. त्या गुरुवारी ते साडेदहापासून पाचपर्यंत एकदाही बंद पडलं नाही. एका मुलाला विषय बदलायला दोन मिनिटंही लागत नव्हती. बहुतेक जण ‘पर्यटन व्यवस्थापन’ या पेपरकडे गेले, कारण त्यात अंतर्गत गुण पूर्ण देतात असा निरोप दुपारी ग्रुपवर आला होता. तो खरा आहे का, हे कोणी कोणाला विचारलं नाही.

पाच वाजून दहा मिनिटांनी कार्यालयातले लिपिक शिवशंकर खिडकीतून म्हणाले, “मॅडम, चौदा.”

“पुन्हा बघता का एकदा?”

“दोनदा बघितलं. तुमच्यासाठी तिसऱ्यांदा बघतो.” त्यांनी पान पुन्हा उघडलं आणि मान हलवली. “सिस्टीम चौदाच दाखवायली.”

चौदांत पप्पू होता. त्यानं जाताना कार्यालयाबाहेर राजेश्रींना गाठलं.

“मी हाय मॅडम तुमच्याकडं.”

“बरं वाटलं.”

“नेटचा रिचार्ज संपला माझा,” तो म्हणाला आणि स्टेशनकडे पळाला, कारण गाडीला वेळ कमी होता.

नागनाथ कच्छवेंनी जाताना स्कूटर थांबवली. मी म्हणलं होतं, असं ते म्हणाले नाहीत. दिवाळीआधीच्या परीक्षेला पर्यवेक्षणाचं काम निघालं तर नाव टाकतो, असं म्हणाले. ते काम आठ दिवसांचं असतं.

राजेश्रींच्या गावाला, झरीला जाणारी बस भरलेली होती. उभ्यानंच राजेश्रींनी नवऱ्याचा फोन घेतला. जीवन चाकणला एका गोदामात आहेत. हातातलं यंत्र कुठल्या फळीपाशी जायचं ते सांगतं आणि ते जातात, उशीर झाला की यंत्र तांबडं होतं. राजेश्रींनी दोन वर्षांपूर्वी हेच उदाहरण वर्गात दिलं होतं, गोदामातील माहिती प्रणाली म्हणून. तो कर्मचारी आपला नवरा आहे, हे सांगितलं नव्हतं.

“गेला का मग पेपर?”

“गेल्यातच जमा आहे.”

“इथं बायकांची भरती चालूय पॅकिंगला. बारावी पास लागतंय.” पलीकडे गोदामातला गलका ऐकू येत होता. “मी तुला ये म्हणत न्हाई. चालूय एवढं सांगितलं.”

“तुम्ही जेवलात का?”

“सुट्टी झाली की जेवतो. ठेवू का? तांबडं व्हायलंय.”

घरी सासूबाई बायनाबाई ओट्यावर शेंगा निवडत होत्या. सुनेच्या कॉलेजात काय शिकवतात ते त्यांना कधी नीट समजलं नाही. समजल्याचं त्या दाखवतही नाहीत.

“आज लय उशीर झाला?”

“पोरं गेली आत्याबाई.”

“कुठं गेली?”

“दुसऱ्या पेपरला.”

बायनाबाईंनी एक शेंग फोडली, आत किडलेलं निघालं, बाजूला टाकलं. “मंग तू बी जा की दुसऱ्या पेपरला.”

राजेश्री हसल्या. त्यांना शिकवता येणारा दुसरा पेपर त्या महाविद्यालयात नाही, हे त्यांनी सांगितलं नाही. सासूबाईंनी स्वयंपाक करून ठेवला होता. राजेश्री जेवल्या, ताट धुतलं आणि पिशवीतून उद्याच्या तासाचं टाचण काढलं. धडा दुसरा, माहितीचे गुणधर्म. माहिती अचूक असावी, पूर्ण असावी, वेळेवर मिळावी. उदाहरणाची जागा रिकामी होती. त्यांनी पेन उघडलं, थोडा वेळ हातात धरलं आणि ती जागा तशीच ठेवली.

पेपर बंद झाल्याचं पत्र विद्यापीठाकडून शनिवारी येणार आहे. नवं वेळापत्रक सोमवारपासून लागू होईल. उद्या शुक्रवार आहे, आणि सूचना फलकावर अजून जुनंच वेळापत्रक लावलेलं आहे. खोली क्रमांक नऊ, सकाळी सात-चाळीस, माहिती प्रणाली, दुधाटे. त्या तासाला वेळेवर पोहोचायचं तर झरीहून सहा-चाळीसची बस धरावी लागते.