कोणाच्याच वाट्याला न आलेलं काम

जन्म-मृत्यू नोंदणीच्या त्या कचेरीत तिला सगळे अक्काच म्हणत. एकोणीस वर्षं तिने खिडकीलगतच्या टेबलावर बसून अर्जांची आवक नोंदवली. मग एका सोमवारी हेडक्लार्कपदाचा आदेश हातात पडला, आणि तिचं बस्तान काचेच्या खोलीत हललं. तिच्या डब्यातली भाजी न विचारता उचलणारा रेकॉर्डकीपर दारात उभा राहून म्हणाला, "मॅडम, आत येऊ?"

अक्काने मागे वळून पाहिलं. मागे भिंतच होती.

साहेबांनी बजावलं, "सगळ्यांना सांभाळून घ्या, पण डोक्यावर बसवू नका. कामाची वाटणी लेखी करा. आणि हो, सहकार्याचं वातावरण हवं."

हे सगळं एकाच वेळी कसं करायचं, ते तिला उमजेना. त्यातल्या त्यात लेखी वाटणी सोपी वाटली. दोन संध्याकाळी खपून तिने तक्ता आखला आणि भिंतीवर लावला. भांडणं नकोत, कुणी कुणाच्या तोंडाकडे बघायला नको.

भांडणं झालीच नाहीत. तिसऱ्या आठवड्यात मात्र एक रंगारी तणतणत थेट आत आला. नखांत अजून निळा रंग होता. दाखल्यावर त्याच्या मुलीच्या नावाचा शेवटचा काना राहिला होता. "बाई, एका कान्यापायी माझी पोरगी पोरगा झालीय! ही चौथी खेप माझी. शाळावाले ऐकत नाहीत."

अक्काने चौकशी केली, तर दुरुस्तीचे चौतीस अर्ज तुंबलेले.

टायपिस्ट म्हणाली, "रजिस्टर आलं की मी लगेच टाइप करते. आलंच नाही."

रेकॉर्डकीपर म्हणाला, "चिठ्ठी आली की मी रजिस्टर काढतो. चिठ्ठी कुणी पाठवायची, ते तक्त्यात नाही."

खिडकीवरचा नवा कारकून म्हणाला, "माझ्याकडे फक्त आवक."

प्रत्येकाचं बरोबर होतं. कुणी कामचुकारपणा केला नव्हता. अक्का चक्रावली. "अरे, पण मग आधी हे कोण करत होतं?"

रेकॉर्डकीपर म्हणाला, "तुम्हीच की! डबा झाला की यायचात. 'भाऊ, एवढी चार रजिस्टरं काढ रे,' म्हणायचात."

तिला आठवेना. ती जायची ते गप्पा मारायला, असंच तिला वाटत होतं. ते काम होतं?

रंगाऱ्याचं रजिस्टर तिने तिथेच काढायला लावलं आणि तासाभरात दुरुस्त दाखला त्याच्या हातात ठेवला. मग कारकुनाला म्हणाली, "आजपासून चिठ्ठ्या तू पाठवायच्या."

"पाठवतो. पण उरलेल्यांतले कुठले आधी?"

खिडकीबाहेरचे चेहरे बघून कळायचं, एवढंच अक्काला ठाऊक होतं. ते तक्त्याच्या कुठल्या रकान्यात लिहिणार? शेवटी ती रोज तासभर त्याच्याशेजारी खुर्ची टाकून बसू लागली. "ती बाई बघ, परगावाहून आलीय. तिचं आधी." चार दिवसांनी टायपिस्टही कान देऊ लागली. पंधरवड्यात सातच अर्ज उरले.

साहेब खूश झाले, पण म्हणाले, "हेडक्लार्कने खिडकीत बसणं बरं दिसत नाही. तक्ता सुधारा. या कामापुढे कुणाचं नाव?"

"सगळ्यांचं," अक्का म्हणाली.

"सगळ्यांचं म्हणजे कुणाचंच नाही."

तेही तिला पटलं. घरी आल्यावर तिने सगळं नवऱ्याला सांगितलं. तो बसवर ड्रायव्हर होता. चपला काढता काढता म्हणाला, "मग साहेबांचं चुकतंय की तुझं?"

"कुणाचंच नाही, तीच तर पंचाईत आहे."

दुसऱ्या दिवशी तिने त्या कामापुढे कारकुनाचं नाव घातलं. शाईने लिहावं की पेन्सिलने, यावर मात्र बराच वेळ अडली. मग पेन्सिलने लिहिलं.