कोपरा कापलेली चौकट

हसायचं तर खुशाल हसा, मी रागावणार नाही. पण माझ्या हातून झालेला हा गाढवपणा सांगताना मला स्वतःला अजून पुरतं हसू येत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. चहा घ्या, गार होईल.

ऐंशीच्या दशकाचा शेवट. पौडला एका धर्मादाय दवाखान्यात मी कारकून होतो. तिथे वर्षातून एकदा डोळ्यांचं शिबिर व्हायचं. पुण्याचे डॉक्टर एक दिवस यायचे, मोतीबिंदू काढायचे, की पुन्हा वर्षभर दर्शन नाही. त्या वर्षी कुणा दानशूर माणसाने दवाखान्याला कॉम्प्युटर दिला. अख्ख्या मुळशीत तेव्हा असे किती असतील? आणि आमचा चालवणारा मी एकटा. मग डोक्यात हवा जाणार नाही तर काय होईल?

पेशंटच्या यादीचा प्रोग्रॅम होता. काळा पडदा, हिरवी अक्षरं. त्यात मला एक सोय सापडली. अक्षराचं वळण बदला, रंग बदला, चौकट बदला. झालं. नावं भरायची सोडून तीन दिवस मी रंगच लावत बसलो. शेवटी मनासारखं जमलं. फिकट पिवळी पाटी, त्यावर काळं ठसठशीत अक्षर, प्रत्येक पेशंटचं नाव स्वतंत्र चौकटीत. चारही कोपरे सारखे असले की फारच सरकारी वाटतं, म्हणून वरचा उजवा कोपरा तिरका कापला. काय रुबाब आला म्हणता!

शिबिराच्या आदल्या सकाळी आमच्या दवाखान्याच्या डॉक्टरांकडे तपासणीला रामू मरगळे आले. मुठा खोऱ्यातल्या वरच्या वाडीचे. म्हशींमागे डोंगर चढण्यात जन्म गेलेला माणूस, आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. बायकोचा, म्हणजे ठकूबाईंचा, खांदा धरून चालत होते. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन ठरलं. मी उत्साहाने ठकूबाईंना पडद्यासमोर आणलं.

"हे बघा, तुमच्या मालकांचं नाव."

बाईंना अक्षरओळख नव्हती. त्या नुसत्या बघत राहिल्या.

"हे आमच्या धन्याचं?"

"त्यांचंच."

"कवाचं हाय?"

"उद्या सकाळचं. नऊ वाजता."

"डाक्टरास्नी ठावं हाय?"

"अहो, त्यांनीच तर ठरवलं."

"मंग काईच इलाज न्हाई?"

मला वाटलं, ऑपरेशन टळेल का विचारताहेत. म्हटलं, "घाबरू नका. पाच-दहा मिनिटांत आटोपतं. त्यांना कळणारसुद्धा नाही."

ठकूबाईंनी तोंडाला पदर लावला. बाई भारावल्या, असं मी समजलो. भारावणारच, एवढं देखणं काम. मग मी काय करावं? पडदा सरळ ओसरीकडे वळवला, रांगेतल्या सगळ्यांना आपापलं नाव दाखवलं आणि चहाला गेलो.

परत येतो तर ओसरी रिकामी. रांगेतल्या तिसांतले चारजण उरलेले, तेही पौडचेच, लिहितेवाचते. आमच्या कुसुम सिस्टर पडद्याकडे बघत उभ्या होत्या. त्या पौडच्याच.

"साहेब, हा कोपरा कुणी कापला?"

"मी. का, छान दिसतोय ना?"

"मयताचं पोष्टकार्ड येतं, त्याचा कोपरा फाडलेला असतो. वाचता येत न्हाई त्यालाबी कळतं."

मी आधी तो पडदा बंद केला. आणि मला हे माहीत नव्हतं असं नाही हो. माझे आजोबा गेले तेव्हा असली पन्नास पिवळी कार्डं मीच लिहिली होती आणि कोपरेही मीच फाडले होते.

तसाच वाडीवर गेलो. दुपारभर चढलो. ठकूबाई दारातूनच म्हणाल्या, "सायेब, तुमी जावा. नाव लावलं तेवढं लई झालं." मी सगळं समजावून सांगितलं, हात जोडले. रामूबाबा ओट्यावर बसून ऐकत होते.

"मला तर काय दिसलंच न्हाई," ते म्हणाले. "दिसत असतं तर आलो कशाला असतो? पन मी हिच्याच डोळ्यानं चालतुया. ही न्हाई म्हनती, तर न्हाई."

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले, चार ऑपरेशनं केली आणि गेले.

पुढच्या वर्षी सिस्टरना घेऊन मी स्वतः वाडीवर गेलो. या वेळी ठकूबाई तयार झाल्या. रामूबाबांचा डावा डोळा चांगला झाला. उजव्यातला मोतीबिंदू मात्र फार पिकला होता, तो डोळा गेला. डॉक्टर म्हणाले, "वर्षभर आधी आणायला हवं होतं यांना."  

पट्टी निघाली, जाड भिंगाचा चष्मा लागला, आणि रामूबाबा थेट माझ्या टेबलाशी.

"ती चौकट दावा की. म्या बघितलीच न्हाई."

मी टाळत होतो, ते ऐकेनात. शेवटी पुन्हा सगळं लावलं. पिवळी पाटी, ठसठशीत नाव, कापलेला कोपरा. त्यांनी चष्मा पडद्याला टेकवून सावकाश पाहिलं.

"सुबक काढलंय की वो," म्हणाले.

माझ्या कलाकारीला आजवर मिळालेली ही एवढीच दाद. तीही एका डोळ्याने पाहून दिलेली, कारण दुसरा मीच घालवला होता.