आरशातले कारंजे

आमच्या केशकर्तनकारांनी रोम शहर जितके जवळून पाहिले आहे, तितके नंदुरबार जिल्ह्यात अन्य कोणीही पाहिलेले नाही, हे मी पूर्ण जबाबदारीने लिहून देतो. वस्तुतः नवापूरची हद्द ओलांडून ते सुरतेपलीकडे कधी गेलेले नाहीत. तहसील कचेरीसमोरच्या कडुलिंबाखाली मी अर्ज लिहितो आणि चौकापलीकडे त्यांचे दुकान आहे. ते मला ‘वकीलसाहेब’ म्हणतात. मी वकील नाही. परंतु माणूस प्रेमाने काही बोलला तर त्यावर हरकत घेऊ नये, असे माझे मत आहे. फरशीवाल्या मारवाडी शेठजींनी कोण्या एके वर्षी दिलेले कॅलेंडर त्यांच्या भिंतीवर अद्याप आहे. त्यातील रोमच्या कारंज्याचे पान आले आणि पुढील महिने त्या दुकानात उगवलेच नाहीत. शंखावर उभा समुद्रदेव, पाण्यातून उसळणारे घोडे, आणि तेवढे निळे पाणी. दुपारी गिऱ्हाईक नसले की ते त्या पानाकडे बघत बसतात, आणि गार पाण्यात पाय सोडल्यासारखा त्यांचा चेहरा होतो.

मोबाईलवर ऐकून ऐकून त्यांनी त्या कारंज्याचा संपूर्ण इतिहास मिळवला होता आणि दाढीबरोबर तो प्रत्येकास मिळे. तहानलेल्या शिपायांना एका मुलीने झरा दाखवला, तेच पाणी पाटाने रोमला आले, हे ते असे सांगत की ती मुलगी आमच्या धडगावच्या डोंगरातली वाटावी. एकदा त्याच डोंगरातून आलेले एक पावरा आदिवासी आजोबा हे शांतपणे ऐकून म्हणाले, की त्यांची नात रोज साहेब लोकांना झरा दाखवते, अजून कोणी घोडे बसवले नाहीत. यावर आमच्या गृहस्थांनी त्यांची दाढी दुप्पट मन लावून केली. वस्तरा गळ्यावर असताना नजर उचलायची नाही, हा त्यांचा नियम. एकदा दुकानाच्या पायरीवर दोन सांड झुंजले, ते खाली बघूनच म्हणाले, “हालू नका.”

इतिहासातील त्यांचा सर्वांत लाडका भाग मात्र एका न्हाव्याचा होता. कारंज्यासमोर त्याचे दुकान होते आणि बांधकामातील चुका तो रोज बाहेर येऊन सांगे. अखेर वैतागून कारागिराने त्याच्या दारासमोर दगडी कलश उभारला, की त्याला कारंजे दिसूच नये. कलश आजही तिथे आहे, असे सांगताना त्यांचा आवाज घरच्या माणसाविषयी बोलल्यासारखा होई.

आमच्या चौकातही एक कारंजे आहे. गोल हौद, सिमेंटचे चार हंस, पैकी एकास मान नाही आणि पाणी एकासही नाही. डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागल्यापासून त्यांची एकच इच्छा होती, की दिसते आहे तोवर हे कारंजे एकदा उडताना बघावे. त्यासाठी मी सात अर्ज लिहिले. सातव्यानंतर काम सुरू झाले, यात माझ्या भाषेचा वाटा असावा. लगेच हे बाहेर उभे राहून नळ कसा वाकडा बसवला ते गवंड्यांना सांगू लागले. आठवडाभरात त्यांच्या दारासमोर जाहिरातींच्या पाट्यांसाठी भलीमोठी लोखंडी चौकट उभी राहिली. कोणी लावली, याची कुठेच नोंद नाही. मी आठवा अर्ज लिहायला कागद काढला, तर हे प्रसन्न.

“ऱ्हाऊ द्या, वकीलसाहेब. रोममा कलश, आठे पाटी. म्हंजे मन्ही नजर बराबर शे.”

त्यांनी आरसा तिरका केला. आता खुर्चीत बसलेल्यालाच पाटीच्या कडेने हौद दिसे.

एका सकाळी मी त्या खुर्चीत मान मागे टाकून बसलो होतो. वायरमन पंप तपासायला आला होता, हे आम्हाला ठाऊक नव्हते. आरशात अचानक हंसांमधून पाणी उठले. मी हुंकार दिला. त्यांना समजले. वस्तरा माझ्या गळ्यावर होता, नजर तिथेच राहिली; हात मात्र थांबला.

“कितलं उंच जाई ऱ्हायनं?”

बोलण्याची सोय नव्हती. पाणी हौदाच्या काठाहून जेमतेम गुडघाभर उडत होते. ‘वरील मजकूर सत्य आहे’ हे वाक्य मी दिवसातून वीस वेळा लिहितो. मी उजवा हात वर केला, आणि तो आणखी वर गेला, कॅलेंडरातल्या देवाच्या डोक्यापर्यंत.

त्यांनी सावकाश उरलेली बाजू पूर्ण केली, वस्तरा पुसला आणि बाहेर गेले. पंप बंद झाला होता. हंस ओले होते. मानेशिवायच्या हंसावर त्यांनी हात ठेवून पाहिला.

“त्या रोमना कारागीरनी बी ते पुरं देखं नही,” परत येऊन ते म्हणाले. “आधीच गया तो.”

पाणी त्यानंतर उडालेले नाही. परंतु त्या दिवशी माझा हात जिथवर गेला, तिथे त्यांनी भिंतीवर खडूने एक रेघ ओढली. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाईकाला ते ती दाखवतात आणि साक्षीदार म्हणून कडुलिंबाकडे, माझ्याकडे, बोट करतात. मी इथून मान डोलावतो. अलीकडे त्यांना ती रेघही नीट दिसत नाही, हाताने चाचपून ते तिच्यावर पुन्हा खडू फिरवतात, आणि माझ्या लक्षात येते की दर खेपेस ती बोटभर वर सरकते आहे. यावर माझी कोणतीही हरकत नाही.