राखलेलं गवत

मार्च संपत आला होता. पहाटे लालबागमधल्या आमच्या चाळीखालून जीप निघाली तेव्हा मला मनातून हसू येत होतं. गाडी चालवणारा दिलीप, माझा धाकटा भाऊ. परळच्या एका ऑफिस इमारतीत विजेची कामं बघतो आणि सुट्टी मिळाली की डोंगर गाठतो. मी शाळेच्या प्रयोगशाळेतून नुकतीच निवृत्त झालेली. नळ नाही, दिवा नाही, संडास नाही अशा सरकारी रानात एक रात्र तंबूत काढायची, असा त्याचा बेत होता. "ताई, एकदा बघ तरी," म्हणाला आणि मी पिशवी भरली.

घाटाखालचं शेवटचं गाव मागे पडलं तसं डांबर संपलं. पुढे नुसते धोंडे. दोनदा मी खाली उतरून चाकापुढचे दगड बाजूला केले. वाटेत वनखात्याची चौकी लागली. रक्षकाने वहीत आमची नावं लिहिली आणि बजावलं, "राहा, पण विस्तव पेटवायचा नाही. गवत बघताय ना कसं झालंय?"

"गॅसची शेगडी आहे साहेब," दिलीप म्हणाला.

रस्ता संपला तिथल्या कातळावर जीप लावली आणि थोडं वर, उतारावरच्या सपाट जागेत तंबू ठोकला. घरून नेलेली भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी खाल्ली. इतकी शांतता मी आयुष्यात ऐकली नव्हती. कानांत दडे बसल्यासारखं वाटत होतं.

सकाळी बघते तर शेगडीचा डबा रिकामा. रात्रभर गळला असावा. दिलीप जीपकडे गेला होता. मला चहाशिवाय सुचत नाही. मी तीन दगड मांडले, काटक्या पेटवल्या, चहा केला. पाणी थोडंच उरलं होतं, म्हणून निखाऱ्यांवर अर्धा मग ओतलं आणि पायाने माती लोटली.

"चूल पेटवलीस?" परत आलेला दिलीप दचकला.

"विझवली पण. तीस वर्षं पोरांना बर्नर विझवायला शिकवलंय मी."

मग कॅन घेऊन आम्ही वरच्या झऱ्यावर गेलो. तिथे एक धनगर आजी हंडा भरत होत्या. "कुठनं आलाय?" त्यांनी विचारलं. मी मुंबई म्हटलं. तेवढ्यात त्यांनी मान वर करून हवा हुंगली.

खाली आमच्या तंबूच्या जागी धूर होता. बघता बघता त्याखाली केशरी रेघ उमटली आणि वाऱ्याबरोबर चढणीला लागली. तडतड असा आवाज येत होता, जणू कुणी ताग्यांवर तागे फाडतंय. दिलीपने माझा हात धरून वर ओढलं.

"पळू नगा!" आजी ओरडल्या. "वर आग तुमच्या आदी पोचंल!"

त्यांनी कमरेच्या तंबाखूच्या चंचीतून काडेपेटी काढली आणि आमच्या वरच्या अंगाचं गवत स्वतःच पेटवलं. मला वाटलं, ही बाई वेडी झाली. "अहो, काय करताय!" मी किंचाळले. ती आग वारा घेऊन वर धावली, मागे काळी, धुमसती जमीन उरली.

"काळ्यावर या! पदर भिजवा, नाक झाका!"

आम्ही त्या राखेत उकिडवे बसलो. चपलांचे तळ चटचटत होते. खालची आग झऱ्यापर्यंत आली, दोन्ही बाजूंनी गेली, आणि जाळायला काही न मिळाल्यामुळे आमच्यापुढे बसली. वरची माथ्याच्या उघड्या कातळापाशी विझली. सगळं मिळून पाव तास झाला असेल.

आजी वर बघत उभ्या होत्या. "राखलेलं व्हतं," त्या हळूच म्हणाल्या. "वैशाखापतुर म्हशीस्नी तेवढंच."

दिलीप माझ्या कानाशी लागला. "बोलू नकोस. कुणी बिडी टाकली असेल म्हणू."

मी त्याच्याकडे बघितलं. मग आजींना म्हणाले, "आजी, चूल मी पेटवली होती. नीट विझवली नाही."

त्या रागावतील, शिव्या देतील, असं वाटलं होतं. त्या फक्त म्हणाल्या, "आता म्हशीस्नी काय घालू, ते सांग."



तंबूच्या जागी वितळलेलं कापड आणि काळी पडलेली किटली होती. जीप तेवढी वाचली. चौकीवर जाऊन मी सगळं सांगितलं. "बजावलं होतं ना?" रक्षक ओरडला, आणि मी मान खाली घालून जबाबावर सही केली. दिलीप मात्र गावात गेला, कडब्याच्या पेंढ्या जीपमध्ये कोंबून धनगरवाड्याच्या वाटेपर्यंत घेऊन गेला. दोन खेपा झाल्या. आजींनी पेंढ्या उतरवून घेतल्या आणि मोजल्या. चार दिवसांचा चारा होता तो. वैशाख लांब होता.

परतताना गाडीतून तो काळा उतार दिसत होता. मी रानाकडे शहरातल्या बाईच्या नजरेने बघत राहिले होते, की हे कुणाचंच नाही, म्हणून आपलंही आहे. ज्या उतारावर मला नुसतं वाळलेलं गवत दिसलं, तो एका घराचा उन्हाळा होता.

लालबागला पोचलो तेव्हा केसांना धुराचा वास होता. गॅलरीतून शेजारच्या वहिनी वाकून म्हणाल्या, "काय हो, कशी झाली ट्रिप?"

मी तोंड उघडणार, एवढ्यात दिलीपने जीपचं दार लावलं आणि वर बघून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "वहिनी, आमच्या हातून डोंगर जळला."